त्याच्या वतीने

"घरी न्यायला हरकत काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तुमच्या मिस्टरांनीच विचारलंय, अजून आठवडाभर इथे राहता येईल का म्हणून."

बायकोच्या हातात नवऱ्याचे घरी जायचे कपडे होते, इस्त्री केलेले. तिला आधी वाटलं, डॉक्टरीणबाई दुसऱ्याच पेशंटबद्दल बोलतायत. इस्पितळात असं होतं.

"ते असं विचारणारच नाहीत," ती म्हणाली. "एवढं लांब वाक्य त्यांना झेपत नाही."

हे ती अधिकाराने सांगत होती. दगड कापायच्या कारखान्यातल्या धुळीने नवऱ्याची फुप्फुसं कायमची बिघडली, तेव्हापासून त्याचा श्वास हा घरातला सगळ्यात मौल्यवान ऐवज झाला होता आणि राखणदारी तिच्याकडे होती. त्याने जिना चढू नये, वाकू नये आणि बोलू तर मुळीच नये. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. माणूस "आमच्याकडे सकाळपासून" एवढं म्हणाला की "नळ कोरडा आहे" हे ती स्वतःच म्हणून टाकायची. तोच गुण घरी कामी आला. नवऱ्याने "जरा ते" म्हणायचा अवकाश, चष्मा हजर. तो "मला वाटतं" म्हणाला की त्याला काय वाटतं ते ती सांगायची. मुलीचा फोन आला की तो नुसता कानाला लावून बसायचा आणि शेजारून ही ओरडायची, "बाबा म्हणतायत, बरं आहे!" डॉक्टरांसमोरही तेच. धाप लागते का? लागते. कफ कसा पडतो? पिवळट. एका डॉक्टरांनी तर या नादात स्टेथोस्कोप तिच्याच पाठीला लावला होता.

आणि हा माणूस परक्या बाईला परस्पर सांगतो, मला घरी पाठवू नका.

घरी तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? गालिचा काढला. पलंग खिडकीशी आणला. ऑक्सिजनचं यंत्र बसवून घेतलं आणि त्याच्या घरघरीची सवय करून घेतली. पावडर लावणं सोडलं. रजा वाढवताना साहेबांची बोलणी खाल्ली. वॉर्डाकडे जाता जाता तिने दुसऱ्या बाईची शक्यतासुद्धा पडताळून पाहिली. पण वॉर्डातली सिस्टर निवृत्तीला आलेली होती आणि स्वभावाने इंजेक्शनसारखी होती. म्हणजे तीही सोय नव्हती. विश्वासघाताला निदान कारण तरी असावं.

वॉर्डाच्या दाराशी ती थबकली. आतून नवऱ्याचा आवाज येत होता.

तो गोष्ट सांगत होता. कारखान्यातल्या मुकादमाची. तपासणीस येणार म्हटलं की हा मुकादम सगळी धूळ झाडून घ्यायचा आणि ती लपवायला जागा नसल्यामुळे पोत्यांत भरून साहेबांच्याच केबिनमध्ये ठेवायचा. नवरा तीनचार शब्द बोलायचा, मग श्वास. पुन्हा दोन शब्द, मग खोकला. भोवतीच्या खाटांवर त्याच्यासारखेच नाकात नळ्या घातलेले लोक होते. कुणाला घाई नव्हती. घाई करायला जो श्वास लागतो तो कुणाकडेच नव्हता. त्याला खोकल्याची उबळ आली की सगळे शांतपणे छताकडे बघत बसायचे, उबळ गेली की पुन्हा त्याच्याकडे. शेवटी तपासणीस साहेबांच्या खुर्चीत बसायला गेला आणि खुर्चीवरचं पोतं फुटलं. हसणं तिथे जोखमीचं होतं, त्यामुळे ते पाळीपाळीने हसले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ही गोष्ट तिने ऐकलेली नव्हती.

ती आत गेली. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा बस कंडक्टर होता. त्याने वाफेचा मास्क तोंडावरून बाजूला केला.

"या वहिनी. तुमचे मालक म्हणजे फार..."

"अशक्त झालेत," ती म्हणाली.

कंडक्टरने सावकाश दम घेतला. "अवली. अवली म्हणायचं होतं मला."

तिने कपडे नवऱ्याच्या पायाशी टाकले. इस्त्री मोडली तरी बघितलं नाही.

"घरी तोंडातून शब्द फुटत नाही, आणि इथे मैफली? माझ्या पाठीमागे डॉक्टरांना सांगता, घरी जायचं नाही म्हणून? काय कमी केलं हो मी तुमचं?"

"अगं, कमी..."

"म्हणजे कमीच केलं!"

"तसं..."

"कसं नाही? बोललात ना आत्ता! लोकांचे नवरे बाहेर भानगडी करतात. तुम्ही इस्पितळाशी केलीत. बरं, नर्सशी तरी करायची! या कंडक्टरसाठी मला सोडलंत?"

कंडक्टरने मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला.

नवऱ्याने तळहात वर केला, चौकातला पोलीस गाड्या अडवतो तसा. त्याने तिच्यापुढे असा हात कधीच केला नव्हता. ती गप्प झाली ती मुख्यतः आश्चर्याने. मग डोळे भरून आले, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "सांगा ना. असं काय आहे इथे, जे मी घरी आणू शकत नाही?"

त्याने उशीला टेकून श्वास जमवला. "इथे सगळे थांबतात."

"थांबतात म्हणजे?"

"माझं बोलणं..." तो म्हणाला, आणि धाप लागली. छाती वरखाली होऊ लागली. कंडक्टर छताकडे बघायला लागला. पलीकडचेही बघायला लागले. नवरा एक बोट वर धरून होता. पुढचा शब्द येतोय, एवढंच ते बोट सांगत होतं.

"संपेपर्यंत," बायको म्हणाली.