सगळ्या चाचण्या पास

एकट्याने मासेमारीला गेलेला माणूस समुद्रात पडला, तर त्याच्या मनगटावरचा पट्टा किनाऱ्याला आपोआप हाक मारतो. त्या पट्ट्याचा प्रोग्रॅम सिग्रीडने लिहिला होता. पहाटे तिने त्याची नवी आवृत्ती नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांच्या सगळ्या बोटींवर धाडली; सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या.

दुपारी बंदरातून एका म्हाताऱ्या कोळ्याचा फोन आला. "पोरी, पट्टा बादलीत बुडवून बघितला. हूं नाही की चूं नाही!"

तिने चाचण्या पुन्हा चालवल्या. पुन्हा सगळ्या पास. मग रेडिओवरून एकेक बोट परत बोलावली. एकटाच मासेमारीला गेलेला तिचा नवरा हालवर तेवढा उत्तर देत नव्हता.

"तो कधी देतो का उत्तर!" शेजारी बसलेला तिचा सहकारी ओडवार म्हणाला आणि प्रोग्रॅम ओळीओळीने तपासू लागला. थोड्या वेळाने तो ओरडला, "सापडलं! माणसाची जागा शोधणारा प्रोग्रॅमचा तुकडा आपण कधी वेगळा घातलाच नव्हता, आणि त्याच्याशिवाय पट्टा हाक मारत नाही. तो दुसऱ्या एका साधनाबरोबर आपसूक यायचा, आणि ते साधन आपण काल काढलं. चाचणी घेणारा प्रोग्रॅम मात्र तो तुकडा अजून स्वतःबरोबर आणतो. अगं, परीक्षकच कानात उत्तर सांगत होता!"

तिने तुकडा जोडला, दुरुस्ती सगळ्यांना पाठवली आणि पडद्याकडे बघत राहिली. "घे रे हालवर, घे ना..."

हालवरच्या पट्ट्याने दुरुस्ती घेतली. ओडवारने सुटकेचा श्वास सोडला.



लगेच पट्ट्याची हाक आली: 'हालवर. सकाळपासून पाण्यात.'