हलका हात

ऐका राव, उन्मेषच्या पहिल्या माशाची गोष्ट सांगतो. कॅनडात व्हाइटहॉर्सला नोकरी, घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंडं फोडलेलं नाही, आणि ह्याला गळाला पिसांची खोटी माशी लावून ग्रेलिंग मासे पकडायचा नाद लागला. पुण्याहून राहायला आलेल्या आईला त्यानं शब्द दिलेला, "आई, पकडायचा आणि सोडून द्यायचा. जीव नाही घ्यायचा."

रविवारी सगळं घर नदीवर असताना मासा लागला, पण गळ पार कल्ल्यात रुतला. काढायला गेला तर कल्लाच फाटला, रक्त मनगटापर्यंत आलं.

बायको यामिनी म्हणाली, "आता जगत नाही तो. संपव पटकन."

उन्मेषनं दगड उचलला, पण आई बघतेय म्हणून हात हलकाच पडला. मासा उसळला. परत मारला तर डोळा फुटला. परत मारला तर जबडा तुटला, तरी त्याची तडफड चालूच.

आईनं पदर खोचला, दगड हिसकावला आणि एका घावात डोकं चेचलं. "मेल्या, दया येते ना? मग हाल कशाला करतोस त्याचे?"


पुण्यात तिच्या भजनी मंडळातलं कुणी भेटलं, तर तेवढं बोलू नका.