बारकूची बोट

आफ्रिकेला नोकरीसाठी निघालेल्या बारकूला मुरबाडनं तीनदा हार घालून एसटीत बसवलं, आणि तिन्ही वेळा गडी "बोट चुकली" म्हणत संध्याकाळी परत हजर! चौथ्या खेपेला स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. गाव आपल्याला विटलं, या विचारानं डोळे पुसत तो मुंबईच्या धक्क्यावर पोचला, तर पुढं अख्खं मुरबाड हार घेऊन उभं.

"मावशी, तुमी सगळी इथं कशाला गो?"

"गावात आता कोण म्हणता कोण नाय," सकूमावशी खेकसली. "परत जाऊन भेटशील कोणाला? चढ गुपचूप!"

पण त्याची बाही काही तिनं सोडली नाही.

त्या दिवशी बारकूची बोट पहिल्यांदा खरोखर चुकली.