ठिगळाची भिंत

"पायरी येईपर्यंत आडव्या रेघा आणि इथून खरबरीत," ज्ञानदेवांनी ओल्या गिलाव्यावर बोट टेकवलं.

जयसिंग गवंडी थापी घेऊन थबकला. "साहेब, अख्ख्या भिंतीला एकच टेक्श्चर बरं दिसतंय. मधीच बदललं तर ठिगळ लावल्यागत हाय ते."

"दिसू दे ठिगळ. कमरेच्या उंचीवर मी सांगतो तसं कर. वर तुझी कलाकुसर."

अंगणात उभ्या उत्कर्षाला काही कळेना. बिबवेवाडीतल्या या लहानशा घराला बाहेरून नवा गिलावा करायचा म्हणून तिनेच दुकानातून नमुने आणले होते. बाबांनी ते नुसते चाचपले. रंग विचारला तर म्हणाले, "कुठलाही."

बंगळूरहून ती परवाच आली होती. शनिवारी कॅलिफोर्नियाचं विमान होतं, तिथे तीन वर्षांची नोकरी. पण घरात शिरल्यापासून बाबा तिला भलतेच वाटत होते. कधी स्वयंपाकघरात न फिरकलेला माणूस सकाळी तांदूळ निवडत बसला होता. बाहेरून आले की मोठ्याने सांगत, "आलो. चपला कोपऱ्यात ठेवल्या." कुणाला सांगत होते? काल तिने खुर्ची जरा खिडकीशी ओढली, तर केवढे ओरडले! "या घरातली वस्तू हलवायची नाही!"

आजोबांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी ते स्वतःचं नाव विसरले.

"आई, बाबांना काय होतंय?" तिने विचारलं.

सुशीलाबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काही नाही गं. निवृत्त माणूस, वेळ जात नाही. तू तुझं निघायचं बघ."

संध्याकाळी तिने बाबांनाच गाठलं. "आपण एकदा डॉक्टरांकडे जाऊ या?"

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

"मग ही भिंत अशी का?"

"भिंत माझी, हौस माझी. अमेरिकेतून तुला ती दिसणार आहे का?"

नेहमीचे तिरकस बाबा. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग ते भिंतीशी गेले, डोळे मिटून रेघांवर हात फिरवत उभे राहिले. अशा माणसाला आईच्या एकटीच्या गळ्यात टाकून जायचं?

सकाळी तिचं ठरलं होतं. नाही जायचं.

"चौकातल्या बूथवरून ऑफिसला फोन करून येते," असं ओरडून ती निघाली. कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं, ऑफिसातल्या साहेबांचा नंबर टेबलावरच राहिला. ती परतली. फाटक उघडंच होतं. बाबा मागच्या भिंतीवर पाणी मारत होते. रात्रीतून गिलावा घट्ट झाला होता.

आई दारातून बाहेर आली. तिचा तळहात भिंतीवरच्या रेघांवरून सरकत होता. खरबरीत लागलं तशी ती थांबली. पायाने कड चाचपली आणि पायरी उतरली. आता ती उत्कर्षापासून हातभर अंतरावर होती, अगदी समोरासमोर.

"अहो," उत्कर्षाकडे तोंड करून तिने हाक मारली, "गेली का ती? काही कळलं नाही ना तिला?"