माजुलीतली बकुळ

या, असे जवळ सरून बसा. पेटीचा सूर लागायला वेळ आहे. तोवर देवदत्त आणि कुमुदची गोष्ट सांगते.

"यंदा माजुलीला मी जाते," कुमुद म्हणाली, आणि देवदत्तच्या हातातला पोह्यांचा चमचा थांबला.

"नावेत गर्दी असते. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. अनुश्रीची दहावी झाली, आता काय अडलं? पंधरा वर्षं तुमच्या तोंडून ऐकून राहिली मी. एकदा मले माझ्या डोळ्यानं पाहू द्या."

"पापा, मैंने तो ट्रेन भी देख ली," अनुश्री म्हणाली. पोट्टीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच.

"सुट्टी नाही मिळत यंदा," देवदत्त म्हणाला.

"दरवर्षी मिळते जी. यंदाच काहून नाही? राहू द्या. आम्ही दोघी जातो."

माजुली म्हणजे ब्रह्मपुत्रेतलं बेट. लग्नानंतरची चार वर्षं दोघांनी तिथं काढली होती. नदीची पातळी मोजायची त्याची नोकरी. बांबूच्या खांबांवर उभं घर, हिवाळ्यात दारापर्यंत येणारं धुकं, अंगणात बदकं. गावच्या नामघरात रोज भजन व्हायचं. कुमुद कीर्तनं ऐकत वाढलेली. पहिल्या दिवशी तिथं जाऊन बसली तेव्हा शब्द एकही कळला नाही, पण टाळी बरोबर पडली. घरमालकीण पूर्णिमा तिला मागावर बसवायची. कुमुद दातानं सूत तोडायची, आणि पूर्णिमा म्हणायची, "रायपुर की बहू मछली नहीं खाती, मेरा धागा खाती है।"

त्या दिवसांबद्दल दोघं अजूनही बोलत, आणि बोलताना एकमेकांकडे बघत नसत.

तिथंच ओवी जन्मली आणि एकवीस दिवसांनी गेली. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. कुमुदला जागा नदीपासून लांब हवी होती. देवदत्त म्हणाला, काठावर वारा असतो, तिला बरं वाटेल. त्यानंच खड्डा खणला आणि वर बकुळीचं रोप लावलं. मग त्यांच्या मुलखाचं नवं राज्य झालं, राजधानीत जागा निघाल्या, आणि तो बदली घेऊन रायपूरला परत आला.

पुढं दर चैत्रात तो एकटा जायचा. आधी कुमुदचं मन धजत नव्हतं, मग अनुश्री लहान, मग सासूबाई अंथरुणाला. तो परत आला की ती दारातच विचारायची, "कशी आहे?" तो सांगायचा. गुडघ्याएवढी झाली. खांद्याएवढी झाली. यंदा पहिली फुलं.

सहा वर्षं हे खरं होतं.

सातव्या चैत्रात नाव वळली, आणि तिथं काठच नव्हता. नावाड्यानं बांबूनं पाण्याकडे दाखवलं, गाव इथं होतं म्हणाला. एका पावसाळ्यात नदी किती जमीन खाते, हे देवदत्तनं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलेलं होतं. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. त्याच नावेनं परत फिरला.

"कशी आहे?" कुमुदनं दारात विचारलं.

"फुलली आहे," तो म्हणाला.

त्यानंतर तो नावेत चढलाच नाही. अलीकडच्या घाटापर्यंत जायचा, दोन चहा प्यायचा, घरी न्यायला एक गमछा घ्यायचा आणि गाडी पकडायचा. त्याच्या बोलण्यात बकुळ मात्र दर वर्षी वाढतच होती. एकदा त्यानं तिच्यावर बुलबुलाचं घरटंही बांधलं.

कुमुद निघायच्या आदल्या रविवारी रायपुरातल्याच पंडरी मोहल्ल्यात सुनीतीबाईंचं कीर्तन होतं. बाई वयानं लहान, पण नारदाच्या गादीवर उभं असलेल्याचं वय कोण विचारतो? देवदत्त पायाशी वाकला. बुक्का लावता लावता बाई म्हणाल्या, "दादा, आख्यान तर हसायचं होतं. तुम्ही काहून रडून राहिले?"

"बुक्का गेला डोळ्यात," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं दोन पानं लिहिली. सगळं लिहिलं: पाणी, घाट, चहा, घरटं. ती पानं कुमुदच्या पिशवीत, साडीच्या घडीत ठेवली. स्टेशनवर तोंडानं सांगायचं ठरवलं होतं, पण गाडी सुटेपर्यंत तो पाण्याच्या बाटलीबद्दलच बोलत राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. तो नव्या रायपूरच्या कचेरीत होता. उठून बाहेर आला. रुंद रस्ता, एकही बस नाही, सावली नाही.

"चिठ्ठी वाचली," कुमुद म्हणाली. "नावेत."

"कुमुद, मले..."

"ऐका तर. झाड फुललं आहे. तुम्ही सांगत होते तसंच. खाली सडा पडला, अनुश्री वेचून राहिली."

त्यानं डोळे मिटले. नऊ वर्षं तो तिला जे देत होता, तेच ती आता त्याला देत होती, त्याच हळू आवाजात. त्याला ते घेववेना.

"नको, कुमुद. तिथलं पाणी मी पाहिलं आहे."

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. "भैया," पूर्णिमाचा आवाज आला, "नौ साल रास्ते से लौटते रहे? किसी से पूछ तो लेते, हम लोग कहाँ गए।"

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या पूर्णिमाची आठवण ठेवा. काठ खचायला लागला त्या पावसात तिनं स्वतःचं घर नंतर हलवलं; आधी वीस माणसं बोलावली, आणि बकुळ मुळांसकट, मातीसकट, ओवीसकट खांद्यावर घेऊन बेटाच्या आत नेऊन लावली.