अकरा क्लिकची शिस्त

"अकरा क्लिक लागतात, आणि त्या लागायलाच हव्यात," दादा म्हणाले. "ज्याला स्वतःचा प्रकल्प धड उघडता येत नाही, त्याने सर्किट काढू नये."

सर्किटचे आराखडे काढायचं ते फुकट सॉफ्टवेअर दादांनीच वीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं. आज ते सांभाळणाऱ्या मंडळापुढे विषय एकच: पंपदुरुस्तीवाल्या बाईंनी केलेलं बटण त्यात घ्यायचं की नाही. ते दाबलं की आराखडा, बोर्डाची मांडणी आणि सुट्या भागांची यादी, अशा तिन्ही फाइली एकदम उघडत. एखादी फाइल बाकीच्यांपेक्षा जुनी असली, तर ती लाल दिसे.

बाईंना ते सुचलं नव्हतं, नडलं होतं. चुकून जुना आराखडा उघडून त्यांनी चाळीस बोर्ड छापून आणले होते; एकाही बोर्डावर पंप चालू होईना. तक्रार केली, तेव्हा रिवाजाप्रमाणे मंडळाचं उत्तर आलं: "फुकट आहे. पटत नसेल तर स्वतः दुरुस्त करून पाठवा."

बाईंनी दोन वर्षं दुपारची झोप मोडून दुरुस्त केलं, आणि पाठवलं. असं खरंच कोणी करेल, याची रिवाजात तरतूद नव्हती.

"इतकं सोपं केलं तर कोणीही येईल हो, ताई," मंडळातले सगळ्यात तरुण सभासद म्हणाले. ते बावन्न वर्षांचे होते.

"मी आलेच की," बाई म्हणाल्या.

दादांनी स्वतःचा प्रकल्प उघडून दाखवला. अकराच्या अकरा क्लिक, न चुकता. बाई पडद्याकडे वाकल्या.

"दादा, बोर्ड जूनचा आहे. आराखडा मार्चचा."

दादांनी चष्मा पुसला. "मला माहीत होतं."

मग मतदान झालं. बटण नको, असं ठरलं. सात विरुद्ध एक.

बाईंनी लॅपटॉप मिटला. "सकाळीच माझी प्रत सगळ्यांसाठी खुली केलीय, बटणासकट. परवाना तुमचाच आहे, दादा: कोणीही घ्यावं, बदलावं, वाटावं."

"आणि आमच्या अकरा क्लिक?"

बाईंनी पिशवीतून त्या चाळिसातला एक बोर्ड काढला आणि दादांच्या चहाच्या कपाखाली सरकवला.

"फुकट आहे. पटत नसेल तर स्वतः अवघड करून पाठवा. मी तपासून बघेन."