बॉयलरातली गिटार

"सातव्या आठवड्यातही तेच गाणं पहिलं," म्हणत राधाकिशनने पेपर काकांपुढे सरकवला. "त्याच्यावर लेख आलाय. 'तरुणाई बदलते आहे का?'"

चेअरमन माणिकरावांनी त्या लेखावरच चहाचा कप ठेवला. साखर कारखान्याची निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती, गावोगाव टँकर फिरत होते, आणि पुतण्याला गाण्याची पडली होती.

लिंबागणेश गावच्या चार पोरांनी एक जुनी कॅसेट शोधून ते गाणं गिटार-ड्रमच्या दणक्यात नव्याने वाजवलं होतं. 'टँकर आला, टँकर गेला, घागर माझी कोरडी.' रेडिओवर दर रविवारी श्रोत्यांच्या मिस्ड कॉलवरून पहिली दहा गाणी ठरायची, आणि कुठल्या गाण्याला किती कॉल आले तेही सांगायचे. आठवड्याला एका नंबरचा एकच कॉल धरायचे. तरी हे गाणं वरून हलायला तयार नव्हतं.

"प्रोफेसर लोक म्हणतेत, पोरं प्रेमाची गाणी सोडून रॉककडं वळलीत. लई चिडलीत म्हणं."

"चिडू दे की. कारखान्यात मत कुणाला? सभासदाला. शेअर बापाच्या नावावर हाय बे, पोराच्या न्हाई."

रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. "ते गाणं शहादेवचंच ना?"

माणिकरावांनी बायकोकडे चमकून पाहिलं. "तुला आठवतंय व्हय?"

"न्हाई," म्हणत त्यांनी रिकामा कप उचलला.

शहादेव कारखान्यात फिटर होता आणि ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात, बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमात, त्याने सगळ्या सभासदांसमोर हे गाणं म्हटलं. चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत रोज गावच्या वाट्याचा टँकर रिकामा होतो, ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणणारा तो एकटाच निघाला. जोडीने पूजेला बसलेले माणिकराव ताडकन उठले. त्यांनी त्याची गिटार हिसकावली, बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "टाक आगीत."

रुक्मिणीबाईंनी टाकली. हजारभर सभासद खाली मान घालून उभे राहिले. शहादेवची नोकरी त्याच दिवशी गेली, आणि चार वर्षांत तोही गेला.

रुक्मिणीबाई पुढे कधी बॉयलरच्या पूजेला बसल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. माणिकरावांनी मग पूजेला भाऊ-भावजयीला बसवायला सुरुवात केली.

दुपारी माणिकराव चारा छावणीवर गेले. कारखान्याच्या आवारातली ही छावणी म्हणजे निवडणुकीतला त्यांचा हुकमाचा एक्का. दावणीला तीन हजार जनावरं, आणि त्यांच्यापाशी रात्रंदिवस बसलेले म्हातारे सभासद. चारा-पाणी साहेबांच्या कृपेने, हे रोज लाउडस्पीकरवरून सांगितलं जायचं. दाराशीच शहादेवची बायको भिमाबाई चहाची टपरी चालवायची.

"काय भिमाबाई, नवऱ्याचं गाणं लई गाजतंय म्हणं."

"जयभीम, साहेब. पोरांचं काय, आज हे, उद्या दुसरं."

"कोणची पोरं?"

"मला काय ठावं? बापाचे डबे घेऊन येतेत, नाचतेत, जातेत." तिने शांतपणे चहा गाळला. "साहेब, एक मागनं हाय. गावात लाईट न्हाई. ही म्हातारी माणसं जनावरांपाशी बसून कंटाळतेत. फोन चार्ज करायला बोर्ड वाढवून द्या. तुमचं नाव घेतील."

शहादेवची बायको आपल्यापुढे पदर पसरतेय, याचा माणिकरावांना भारी आनंद झाला. त्यांनी तिथल्या तिथे वायरमनला बोलावून पन्नास प्लगचे बोर्ड लावायला सांगितले.

परत निघताना कुणीतरी कानात सांगितलं की ड्रम वाजवणारा पोरगा छावणीतल्या धुळाजीचा आहे. माणिकराव तसेच मागे फिरले आणि धुळाजीची चार जनावरं बाहेर काढायला लावली.

"साहेब, मुकी हायेत वो," धुळाजीने हात जोडले. "वाजवलं पोरानं. ह्यांनी काय केलं?"

"मग पोरालाच सांग चारा आणायला."

धुळाजीने दावी सोडली. भर उन्हात जनावरं घेऊन तो निघाला, तेव्हा अख्ख्या छावणीतून चकार शब्द निघाला नाही. सव्वीस वर्षांपूर्वीसारखंच. आपला वचक अजून शाबूत आहे म्हणून माणिकराव खूश झाले.

"रेडिओवाल्यांकडून त्या मिस्ड कॉलची यादी काढ," गाडीत बसताना ते राधाकिशनला म्हणाले. "अगदी पहिल्या दिवसापासनं. निकाल लागू दे. एकेका पोराच्या बापाचा ऊस फडात वाळवतो."

मतदान शांततेत पार पडलं. पेट्या सील झाल्या. सभासदांनी वाटेत वाकून नमस्कार केले, माणिकरावांनी हात उंचावले. संध्याकाळी ओसरीवर पाय पसरून ते गुलालाचा हिशोब करत होते, तेवढ्यात राधाकिशन यादीचा गठ्ठा घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"किती पोरं निघाली?"

"पोरं न्हाईत, काका."

"म्हंजी?"

"थोडीच हायेत. बाकी नंबर आपल्या सभासद रजिस्टरला लावून बघितले. समदे सभासद. समदे म्हातारे. छावणीत बसून कॉल द्यायचे." राधाकिशनने पान उलटलं. "भिमाबाईनं सांगितलं होतं म्हणं, ज्याचं मत तुमच्या विरोधात पक्कं, त्यानंच कॉल द्यायचा. दर रविवारी रेडिओवर मोजून घेत होते ते."

माणिकरावांनी पसरलेले पाय आवरले. "हे त्या चहावालीचं डोकं न्हाई. सुरुवात कुणी केली?"

राधाकिशन गठ्ठ्यापाशी वाकला. त्याने यादीचं पहिलं पान काढलं आणि सगळ्यात वरच्या नंबरवर बोट ठेवलं.

तो नंबर माणिकरावांना पाठ होता. दिवाळीत रुक्मिणीबाईंना तो फोन त्यांनीच घेऊन दिला होता.